कलमदादांचा आक्षेप

मी कलमदादांच्या ऑफिसात बावीस वर्षं टायपिंग करते आहे. पाटीवर त्यांचं नाव व्यवस्थित रंगवलेलं आहे, पण कोर्टात त्या नावाने त्यांना कुणी ओळखत नाही. दिवाळखोरीच्या कायद्यातलं कुठलंही कलम विचारा, पोटकलम विचारा, त्याखालची बारीक टीप विचारा, पुस्तक न उघडता सांगतील. वर त्यात दुरुस्ती कोणत्या वर्षी झाली आणि कुणाच्या घोळामुळे झाली हेही सांगतील, तुम्ही विचारलेलं नसलं तरी. म्हणून कलमदादा. या नावाचा त्यांना राग नाही. उलट कुणी नुसतं 'वकीलसाहेब' म्हटलं तर हिरमुसतात.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात ते काही फार बरे दिसणार नाहीत.

त्यांचं घर दोन मजल्यांचं. खाली कलमदादा, त्यांची बायको आणि आई. वर धाकटा भाऊ आणि भावजय. भाऊ कारखान्यांचे बॉयलर दुरुस्त करतो. भावजयीला घरात सगळे 'धाकटी' म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणते. ती तेव्हा एका शाळेच्या ऑफिसात हिशेब बघायची.

नऊ वर्षांपूर्वी दिवाळखोरीचा कायदा बदलला. कंपनी बुडाली की कोर्ट मालकाला बाजूला करणार आणि एक प्रशासक नेमणार. प्रशासकाने सगळं ताब्यात घ्यायचं, कुणाचं येणं खरं आणि कुणाचं फुगवलेलं ते तपासायचं, धंदा चालू ठेवून विकता आला तर विकायचा, नाही तर मोडीत काढायचा. या प्रशासकांसाठी सरकारने परीक्षा ठेवली. वकील, हिशेबनीस, कुणीही बसावं.

धाकटीने ठरवलं, आपण बसायचं. कलमदादा खूश झाले. शिकवायला मिळणार म्हटल्यावर ते नेहमीच खूश होतात. दीड वर्ष रोज संध्याकाळी खालच्या मजल्यावर जेवणाच्या टेबलाशी शिकवणी चालली. मला त्यांच्या टिपणांच्या प्रती काढाव्या लागायच्या. त्या टिपणांच्या ढिगात एक दिवस मला कलमदादांचा स्वतःचा अर्ज सापडला. तेही बसणार होते.

परीक्षा कॉम्प्युटरवर होती. प्रश्नाला एक मिनिट, चार पर्याय, एक निवडा, पुढे चला. कलमदादांना पुढे चलायची सवय नाही. ते प्रत्येक पर्यायाशी वाद घालत बसले असणार. धाकटी पास झाली. कलमदादा चार गुणांनी गेले.

हे फक्त दोघींना माहीत होतं, त्यांच्या बायकोला आणि मला. बाकी सगळ्यांना ते सांगायचे, "छे, मी कशाला बसतोय? वकिली सोडून किल्ल्या कोण सांभाळत बसेल?" धाकटी पेढीसारखं छोटं ऑफिस थाटून बसली, तेव्हा तिच्या टेबलावर ठेवायला दिवा यांनीच नेऊन दिला. आणि परत आल्यावर मला म्हणाले, "जागा बरी आहे. उजेड कमी आहे."

तिथून सुरू झालं ते.

धाकटीला पहिल्या वर्षी दोन नेमणुका मिळाल्या, दुसऱ्या वर्षी पाच. कोर्टाच्या रोजच्या यादीत कलमदादा आधी स्वतःची प्रकरणं शोधायचे. आता आधी तिचं नाव शोधायला लागले. सापडलं की "हं" म्हणायचे. तिचे अहवाल सगळ्यांसाठी खुले असतात, ते मला काढून आणायला लावायचे आणि लाल पेनाने तिच्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त करायचे. दुरुस्त केलेला अहवाल कुणाला दाखवायचे नाहीत. कपाटात ठेवायचे. एका कपाटाचा अख्खा खण त्यात गेला.

घरी त्यांच्या आईचं तिसरंच. त्यांच्या बायकोने मला फोनवर सांगितलेलं, "आई जेवताना म्हणाल्या, धाकटीला कोर्टात खुर्ची देतात म्हणे, तुला अजून उभंच राहावं लागतं का रे? यांनी पान तसंच ठेवलं आणि उठले." मला हसू आलं, पण बाईंना आलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "अगं, हसतेस काय. रात्रंदिवस तेच चाललंय त्यांच्या डोक्यात. तिच्या स्कूटरचा आवाज आला की पेपर तोंडासमोर धरतात."

मग ती लाँड्रीची केस आली.

शहरात नऊ दुकानं आणि गावाबाहेर एक मोठी धुलाईशाळा असलेली कंपनी. कोट, पडदे, गालिचे, हॉटेलांचे पोशाख, सगळं तिथे जायचं. मालकाने बँकेचं कर्ज घेऊन नवी यंत्रं आणली, मग एक ॲप आणलं, मग बुडाला. एका सोमवारी सकाळी नऊही दुकानांची शटरं खाली आली आणि लोकांचे कपडे आतच राहिले. बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. बँकेचे वकील कलमदादा, वीस वर्षांपासूनचे. कोर्टाने यादीच्या क्रमाने प्रशासक नेमला. क्रम धाकटीचा होता.

पहिल्याच दिवशी तिने लिहून दिलं की बँकेचे वकील माझे मोठे दीर आहेत. कोर्टाने विचारलं, कुणाची हरकत? कुणाचीच नव्हती. कलमदादांनी स्वतः 'हरकत नाही' म्हणून सही केली. सही करताना चेहरा असा होता, की आपण उपकार करतो आहोत.

पाच आठवडे बरे गेले. सहाव्या आठवड्यात धनकोंची बैठक होती, म्हणजे ज्यांचं ज्यांचं कंपनीकडून येणं आहे त्या सगळ्यांची. धुलाईशाळेच्या जेवणघरात लांब बाकं टाकली होती. बँकेचे दोन अधिकारी, साबण पुरवणारा, वीज कंपनीचा माणूस, कामगारांचे तिघं प्रतिनिधी. मी नोंदी घ्यायला कलमदादांच्या शेजारी. धाकटी समोर फायलींचे गठ्ठे घेऊन बसली होती. एकेकाचा दावा वाचायची, मान्य की अमान्य ते सांगायची, कारण द्यायची. आवाज मुळीच चढलेला नाही.

बँकेच्या दाव्याशी आली आणि थांबली.

"यात व्याज या महिन्यापर्यंत लावलंय," ती म्हणाली. "अर्ज दाखल झाला त्या तारखेला व्याज थांबतं. पुढच्या दोन महिन्यांचं मला काढावं लागेल, वकीलसाहेब."

वकीलसाहेब म्हणाली. बैठकीत दादा कसं म्हणणार? पण त्या शब्दाने आणि त्या व्याजाने मिळून कलमदादांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. चूक त्यांची नव्हती खरं तर. बँकेच्या कॉम्प्युटरने आकडा काढलेला, त्यांनी न बघता सही केलेली. पण हा नियम धाकटीला त्यांनीच शिकवला होता. त्या टिपणाची प्रत मी काढलेली, 'अर्जाची तारीख म्हणजे भिंत' असं लाल अक्षरांत लिहिलेलं.

साबणवाला मागून म्हणाला, "कलमदादांचंच कलम कापलं की!" सगळे हसले. धाकटी हसली नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण कलमदादांनी तिच्याकडे बघितलंच नाही, त्यामुळे त्यांना ते कळलं नाही.

ऑफिसात आल्यावर म्हणाले, "लाँड्रीच्या जुन्या बिलांचा गठ्ठा काढ. तीन वर्षांचा."

दोन दिवस ते बिलं उलटत होते. तिसऱ्या दिवशी एक बिल माझ्यासमोर ठेवलं. बॉयलरची दुरुस्ती, रक्कम किरकोळ, पूर्ण चुकती केलेली. बिलाच्या माथ्यावर त्यांच्याच धाकट्या भावाचं नाव.

"नियम काय आहे?" त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत असणार? त्यांनीच सांगितलं. प्रशासकाच्या जवळच्या नातेवाइकाचा त्या कंपनीशी मागच्या तीन वर्षांत काही व्यवहार झाला असेल, तर तो पहिल्या दिवशी जाहीर करायचा. कितीही छोटा असला तरी. "आणि या बिलाला नेमणुकीच्या दिवशी झालेली दोन वर्षं अकरा महिने," ते म्हणाले. "तिने दीर जाहीर केला. नवरा राहिला."

"विसरली असेल," मी म्हटलं.

"कायद्यात 'विसरली असेल' असं कलम नाही."

मी टाइप केलं. माझं कामच ते. पण इतकं सुंदर टिपण त्यांनी त्या वर्षात दुसऱ्या कुठल्याच केसमध्ये सांगितलं नव्हतं. एक शब्द खोडावा लागला नाही. येरझाऱ्या घालत सांगत होते, आणि दहा वर्षांनी लहान दिसत होते. बँकेच्या अधिकाऱ्याने फोनवर विचारलं, यात आपला फायदा काय? तर म्हणाले, "तत्त्वाचा प्रश्न आहे."

सुनावणी सोमवारी होती. न्यायाधीशबाई वयस्कर, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि माणूस खरं बोलतोय की नाही हे चष्म्याच्या वरून बघतात असं सगळे म्हणतात. कलमदादांनी आक्षेप मांडला. धाकटी उभी राहिली. तिने बिल हातात घेऊन पाहिलं आणि लगेच सांगितलं, "हे माझ्याकडून राहिलं. मला आठवलं नाही. चूक आहे."

न्यायाधीशबाईंनी बिल वाचलं. मग कलमदादांना विचारलं, "हे बॉयलरवाले म्हणजे तुमचे धाकटे भाऊ ना?"

"होय."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"बिल आम्हाला गेल्या आठवड्यात सापडलं."

"बिल कधी सापडलं ते नाही विचारलं. तुमच्या भावाने तिथे काम केलंय हे कधी कळलं?"

कलमदादांनी हातातला कागद खाली ठेवला. मला ते माहीत होतं. त्या दुरुस्तीच्या दिवशी वाफेने भावाचा हात भाजला होता. फोन ऑफिसातच आला होता आणि कलमदादा अर्धं टिपण टाकून धावले होते.

"तेव्हाच," ते म्हणाले. "त्याचा हात भाजला होता. दवाखान्यात मीच नेलं होतं."

"म्हणजे पहिल्या दिवशी 'हरकत नाही' म्हणून सही केलीत तेव्हा हे तुम्हाला ठाऊक होतं."

"होय."

"आणि बैठकीत तुमचा दावा कापला गेल्यावर आठवलं."

न्यायाधीशबाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम, प्रशासकबाईंची नेमणूक रद्द. पण वकिलांनीही माहिती दडवली, तेव्हा बँकेने या प्रकरणापुरता दुसरा वकील करावा. दोन ओळींत दोघंही बाहेर.

धाकटी आमच्या बाकाशी येऊन थांबली. मला वाटलं, आता बोलेल. तिने फक्त पर्समधून घराची एक किल्ली काढली. खालच्या मजल्याची, शिकवणीच्या काळात तिला दिलेली. ती माझ्या वहीवर ठेवली आणि गेली.

त्यानंतर वरच्या मजल्याने खालच्या मजल्याशी बोलणं सोडलं. भाऊ जिन्यात समोर आला तरी मान वळवून जायचा. आई एकदा वर जाऊन आल्या आणि दोन दिवस जेवल्या नाहीत. कलमदादा ऑफिसात यायचे, पण काही सांगायचे नाहीत. आणि मत्सर संपला म्हणावं, तर तेही नाही. एकदा म्हणाले, "बघितलंस? चूक कबूल करतानासुद्धा सगळ्यांना तीच बरी वाटली."

लाँड्रीवर नवे प्रशासक आले. दुसऱ्या शहरातल्या बड्या फर्मचे. कायम टाय, म्हणून कामगार त्यांना टायवाले म्हणायचे. टायवाल्यांनी आल्या आल्या नोटीस लावली. ज्यांचे कपडे आत अडकलेत त्यांनी चौदा दिवसांत पोर्टलवर दावा भरावा, सोबत पावती आणि ओळखपत्र जोडावं. ज्यांचा दावा येणार नाही ते कपडे एकगठ्ठा विकले जातील. आता गंमत अशी, की पावत्या ॲपमध्ये, आणि ॲपवाल्या कंपनीने स्वतःचे पैसे थकले म्हणून ॲप बंद करून टाकलेलं. म्हणजे पावती दाखवायला पावती उघडतच नव्हती.

दहाव्या दिवशी आमच्या ऑफिसात एक उंच गृहस्थ आले. पन्नाशीचे, ताठ, बूट चकचकीत. म्हणाले, "वकीलबाई आहेत?"

"इथे वकीलबाई नाहीत," मी म्हटलं.

"पाटीवर आडनाव तर तेच आहे. लाँड्रीच्या बाई हो. त्यांनी मला मंगळवारी या म्हणून सांगितलं होतं. मंगळवारी गेलो तर गेटवर कळलं, सोमवारी त्यांना काढलं."

आतून कलमदादा बाहेर आले. "काय काम होतं?"

गृहस्थ एका मोठ्या हॉटेलात दरवान होते. त्यांचा हिवाळ्याचा कोट, सोनेरी बटणांचा, लाँड्रीत अडकला होता. हॉटेल एकच कोट देतं. "कोटाशिवाय मला दारात उभं करत नाहीत. दोन महिने सामानाच्या खोलीत बसवलंय. पगार अर्धा. बाईंनी कोट शोधून ठेवला होता साहेब, मी डोळ्यांनी पाहिला. फक्त सही राहिली होती." मग जरा थांबून म्हणाले, "कुणा नातेवाइकानेच म्हणे त्यांच्यावर तक्रार केली. असतात अशी माणसं."

कलमदादांनी त्यांना खुर्ची दिली. स्वतः उभेच राहिले. दरवान गेल्यावर मला म्हणाले, "गाडी बोलाव."

दोन महिने या माणसाने लाँड्रीवर युक्तिवाद केला होता, पण कपडे ठेवतात ती खोली पाहिली नव्हती. आम्ही गेलो तेव्हा तिथे इस्त्रीवाल्या मावशी होत्या. पस्तीस वर्षं तिथे इस्त्री करत होत्या, पगार थकला होता तरी रोज येऊन बसत होत्या, उंदीर कपड्यांना लागू नयेत म्हणून. दिवे अर्धेच चालू. या टोकापासून त्या टोकापर्यंत दांड्यांवर टांगलेले कपडे, प्लास्टिकच्या पिशव्यांत. कोट, झगे, पडदे, कुणाचा तरी लग्नाचा पांढरा पोशाख, नर्सचे तीस गणवेश.

"हे कुणाचं काय, कसं ओळखणार?" कलमदादांनी विचारलं. "ॲप तर बंद आहे."

मावशींनी एका कोटाची कॉलर उलटी केली. आतल्या बाजूला निळ्या धाग्याचे चार टाके. "ॲप आलं काल-परवा. आम्ही धागा कधी सोडलाच नाही. रंग म्हणजे वार, टाके म्हणजे दुकानाचा नंबर. दुकानात कच्ची पावतीबुकं पडलेली असतात. मालकाला हे माहीत नव्हतं. नवीन साहेबांनी विचारलं नाही. बाईंनी विचारलं."

मग त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं. तीन हजार आठशे चाळीस कपडे, एकेक ओळीत. वार, दुकान, कच्च्या पावतीचा नंबर, ग्राहकाचं नाव, कपड्याचं वर्णन, 'डाव्या खिशाला जुना रफू' इथपर्यंत. सगळं धाकटीच्या गोल अक्षरात. कलमदादा उभ्याने पानं उलटत राहिले. मी वाट बघत होते, आता व्याकरणाची चूक काढतील म्हणून.

"मला हे सुचलं नसतं," ते म्हणाले. मला उद्देशून नाही, मावशींनाही नाही. आणि हे म्हणताना चेहऱ्यावर कौतुक होतं असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. दात दुखत असताना माणूस बोलतो तसं बोलले.

त्यांनी बँकेकडून लेखी संमती घेतली की कपड्यांपुरतं ते ग्राहकांच्या बाजूने उभे राहिले तर बँकेची हरकत नाही. बँकेला काय, गोदाम लवकर रिकामं झालं तर बरंच होतं. मग दरवान आणि आणखी साठ ग्राहकांच्या वतीने अर्ज केला, फुकट. मुद्दा साधा होता. धुवायला दिलेला कोट लाँड्रीच्या मालकीचा होत नाही. जो माल कंपनीचा नाहीच, तो दिवाळखोरीत येत नाही, त्यासाठी दावा भरायची गरज नाही, विकायचा तर प्रश्नच नाही. प्रशासकाने तो फक्त सांभाळायचा आणि ज्याचा त्याला द्यायचा.

टायवाल्यांचा वकील म्हणाला, तत्त्व मान्य आहे, पण ज्याचा त्याला द्यायचा म्हणजे कुणाला? नोंदच उपलब्ध नाही.

कलमदादांनी रजिस्टर वर दिलं.

न्यायाधीशबाईंनी बराच वेळ पानं चाळली. धाग्याची पद्धत विचारली, मावशींना पुढे बोलावून कॉलर उलटी करून बघितली. मग म्हणाल्या, "असं काम इथे फार दिवसांत बघितलं नाही. वकीलसाहेब, हे तुम्ही तयार केलंत?"

मी त्यांच्या मागेच बसले होते. त्यांनी टेबलाची कड बोटांनी घट्ट धरली होती, नखं पांढरी झाली होती. 'आमच्या बाजूने तयार झालं' असं एक वाक्य बोलून सुटता आलं असतं. वकिलांना अशी वाक्यं तोंडपाठ असतात.

"नाही," ते म्हणाले. "माझ्या भावजयीने. जिला मी काढायला लावलं."

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि हुकूम सांगायला घेतला. रजिस्टर ग्राह्य धरावं, तीन आठवड्यांत कपडे परत करावेत, मावशींना त्या कामाचा रोजचा पगार आधी द्यावा. हुकमात 'माजी प्रशासकांनी परिश्रमपूर्वक केलेली नोंद' असे शब्द आले. ऑफिसात परतल्यावर तेवढी ओळ त्यांनी मला दोनदा वाचायला लावली. दुसऱ्यांदा वाचल्यावर म्हणाले, "परिश्रमपूर्वक. माझ्याबद्दल बत्तीस वर्षांत कुणी लिहिलं नाही." आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

दरवानांना कोट चौथ्या दिवशी मिळाला. नऊपैकी पाच दुकानं आणि धुलाईशाळा एका खरेदीदाराने घेतली, निम्मे कामगार राहिले, मावशी राहिल्या. उरलेल्यांना थकलेल्या पगाराचा काही भाग मिळाला, सगळा नाही. धाकटी असती तर बरं झालं असतं असं कामगार अजून म्हणतात. टायवाल्यांनी धंद्याला हात लावेपर्यंत दोन महिने वाया गेले, त्यात हॉटेलांची कंत्राटं सुटली. ते नुकसान भरून निघालं नाही आणि ते कुणामुळे झालं हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

धाकटीचं प्रकरण परवाना मंडळाकडे गेलं होतं. वर्षभर नाव यादीतून बाहेर राहण्याची शक्यता होती. कलमदादांनी मंडळाला पत्र लिहिलं. किरकोळ बिल, चुकतं झालेलं, अनवधानाने राहिलेलं, आणि आक्षेप घेणाऱ्याचा हेतू शुद्ध नव्हता. हे शेवटचं मी टाइप करताना थांबले. म्हटलं, "हे ठेवायचं?" म्हणाले, "ठेव." मंडळाने ताकीद देऊन सोडलं.

ते पत्र घेऊन ते एका रविवारी दुपारी वर गेले. काय झालं ते त्यांच्या बायकोने मला सांगितलं, त्या मागोमाग जिन्यात उभ्या होत्या. धाकटीने दार उघडलं, पत्र वाचलं.

"दादा, कोर्टात तुम्ही काय बोललात ते मला कळलं," ती म्हणाली. "हे पत्रही तुम्हाला सोपं गेलं नसेल. पण तुमच्या भावाचा हात भाजलेला, ती घरातली गोष्ट होती. ती तुम्ही माझ्याविरुद्ध वापरलीत. ते मी विसरणार नाही."

"विसरू नकोस," ते म्हणाले.

"विचारू एक? इतकं काय खुपत होतं माझं?"

तेव्हा त्यांनी परीक्षेचं सांगितलं. चार गुणांचं. जिन्यात त्यांच्या बायकोने तोंडावर हात धरला. धाकटीने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "मला वाटायचं, मी कुठे चुकते म्हणून तुम्ही रागावता. मी अहवाल पाठवायच्या आधी चार-चारदा वाचायचे, तुम्ही वाचाल म्हणून." तिने त्यांना आत बोलावलं नाही. पण दारही लावलं नाही. ते स्वतःच खाली आले.

आता दीड वर्ष झालं. भाऊ बोलायला लागला आहे, कामापुरतं. धाकटीला मागच्या महिन्यात एका मोठ्या जहाज कंपनीची नेमणूक मिळाली. कलमदादांनी यादीत नाव वाचलं, "हं" म्हणाले आणि पाणी मागितलं. मी मुकाट्याने आणून दिलं. त्यांच्या पोटात दुखायचं थांबलंय असं मला वाटत नाही, आणि ते तसा दावाही करत नाहीत.

पण कुणावर कडक आक्षेप टाइप करून झाला, की हल्ली मला सांगतात, "दोन दिवस तुझ्याकडेच ठेव." गेल्या आठवड्यात एक ठेवला होता. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "दाखल करायचा का?"

त्यांनी तो मागून घेतला, सबंध वाचला, म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे." मग परत माझ्याकडे देत म्हणाले, "अजून एक दिवस राहू दे."